‘उद्यापासून येऊ नका’ म्हटलं की नोकरी जाते का?

वाचकांचे प्रश्न, वकिलाची उत्तरं

एरवी या सदराकडे वाटणीपत्र, सातबारा आणि भाडेकरू यांचीच पत्रं जास्त येतात. या वेळी पाकीट उघडलं तर निम्म्याहून अधिक पत्रं नोकरी गेल्याची निघाली. हिंगणा, कळमेश्वर, मिहान, काटोल, आणि एक पत्र इतवारीतल्या व्यापाऱ्याचं. त्यांना कायद्याने माणूस काढायचा आहे आणि ‘कसं ते सांगा’ असं त्यांनी विचारलंय. म्हणून हा सगळा अंक याच विषयाला दिला. नागपूरच्या कामगार न्यायालयात मी बहुतेक वेळा कामगारांचं वकीलपत्र घेते, पण छोट्या मालकांनाही सल्ला देते. कुणालाही कारण न सांगता आणि त्याचं म्हणणं न ऐकता काढू नये, हे दोघांनाही सारख्याच कळकळीने सांगावं लागतं.

एक तारीख आधी सांगते, कारण पुढच्या उत्तरांत ती वारंवार येईल. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आणि १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा तिने रद्द केला. अनुचित कामगार प्रथांबद्दलचा महाराष्ट्राचा १९७१ चा कायदा मात्र संहितेने रद्द केलेला नाही. आपल्याकडे ज्याला सगळे ‘यूएलपी’ म्हणतात तो हाच.

प्रश्न : मी हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सीएनसी मशीनवर ऑपरेटर आहे. कंपनीच्या पटावर आहे, ठेकेदाराकडून नाही. ११ वर्षं ४ महिने झाले, पगार १७,००० रुपये. आम्ही चौघं ओव्हरटाइमचे पैसे मागायला ऑफिसात गेलो होतो. पुढच्या सोमवारी फर्स्ट शिफ्टला गेलो तर गेटवरचा सिक्युरिटीवाला म्हणाला, ‘भाऊ, तुमचं कार्ड ब्लॉक हाय, मी नाही सोडू शकत.’ एचआरने फोनवर सांगितलं की काम कमी आहे, बोलावू तेव्हा या. कागद काहीच दिला नाही. चौघांचंही तसंच झालं. कंपनीत १४० लोक आहेत. मी काय करू?

उत्तर : भाऊ, कायदा काय म्हणतो ते सांगतेच, पण आधी आज संध्याकाळच्या आत एक पत्र पाठवा. साध्या मराठीत लिहा: अमुक तारखेला, इतक्या वाजता मी पहिल्या पाळीसाठी गेटवर आलो, मला आत घेतलं नाही, मी कामावर यायला तयार होतो आणि आजही तयार आहे, मला कामावर घ्या किंवा न घेण्याचं कारण लेखी द्या. हे पत्र कंपनीच्या पत्त्यावर स्पीड पोस्टाने पाठवा, त्याचाच फोटो एचआरच्या ईमेलवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर टाका. पोस्टाची पावती लॅमिनेट करू नका, छपाई उडते. झेरॉक्स काढून मूळ पावती जपून ठेवा.

एवढा आग्रह का धरते ते सांगते. अशा प्रकरणात कंपनी न्यायालयात येऊन ‘आम्ही काढलं’ असं सहसा म्हणतच नाही. ती म्हणते, ‘आम्ही कुठे काढलं, तोच यायचा बंद झाला.’ मग गेटवर काय घडलं हे सिद्ध करायची पाळी तुमच्यावर येते, आणि सिक्युरिटीवाला तर कंपनीचाच माणूस. चार-सहा दिवसांच्या आत गेलेलं पत्र असलं की कंपनीचं हे म्हणणं टिकत नाही. चौघांनीही वेगवेगळी पत्रं पाठवा, एकाच कागदावर चार सह्या नकोत. पीएफचं पासबुक आजच डाउनलोड करा, ईएसआयसीचा रेकॉर्ड काढा, पगार जमा झालेलं बँक स्टेटमेंट घ्या. बारा महिन्यांत २४० दिवस काम झालं हे दाखवायला हेच कागद लागतात.

आता कायदा. कामगाराला काढायचे सरळ मार्ग दोनच. काही गैरवर्तन केलं असेल तर आरोपपत्र, चौकशी आणि मग शिक्षा. काम कमी झालं असेल तर कपात, म्हणजे एक महिन्याची कारणांसह लेखी नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार नुकसानभरपाई, आणि सरकारला सूचना. भरपाई काढतानाच हातात द्यायची असते, ‘नंतर बघू’ चालत नाही. तुमचा हिशोब मांडून दाखवते. १५ दिवसांचे ८,५००. वर्षं ११, कारण वरचे ४ महिने सहा महिन्यांपेक्षा कमी असल्याने धरले जात नाहीत. म्हणजे ९३,५०० भरपाई आणि १७,००० नोटिशीचे, एकूण १,१०,५००. ग्रॅच्युइटी वेगळी. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १७,००० असेल तर ती १,०७,८८५ रुपयांच्या आसपास जाते. याशिवाय नव्या संहितेप्रमाणे कपात झालेल्या कामगारासाठी मालकाने शेवटच्या पगाराच्या १५ दिवसांइतकी रक्कम पुनर्कौशल्य निधीत, म्हणजे नवं काम शिकण्यासाठीच्या निधीत, भरायची असते, ती ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात यायला हवी.

कपातीतही माणसं मनाला येतील तशी निवडता येत नाहीत. त्या त्या कामाच्या वर्गात जो शेवटी लागला तो आधी जातो, आणि हा क्रम मोडायचा असेल तर कारण नोंदवावं लागतं. तुमच्या खात्यात ११ वर्षांपेक्षा कमी नोकरीचे ऑपरेटर आजही मशीनवर उभे असतील तर त्यांची नावं आणि लागल्याचं साल आठवून लिहून ठेवा. ओव्हरटाइम मागणारे चौघंच नेमके ‘जास्त’ कसे झाले, हा प्रश्न न्यायालयात मी पहिला विचारेन. १९७१ च्या कायद्याच्या चौथ्या परिशिष्टात पहिलीच नोंद याची आहे: सूडाने, उघड खोट्या कारणाने किंवा अवाजवी घाईने कामावरून काढणं.

सरकारची आधी परवानगी घेऊनच कपात करण्याचं बंधन १९४७ च्या केंद्रीय कायद्यात १०० कामगारांपासून होतं, संहितेत ते ३०० पासून आहे. तुमची कंपनी १४० ची, म्हणजे ते संरक्षण आता तुम्हाला नाही. नागपूर भागातल्या पुष्कळ कारखान्यांत इतकेच लोक असतात. त्यामुळे हा बदल मला अजिबात पटलेला नाही.

पुढे दोन रस्ते आहेत. एक, कामगार न्यायालयात यूएलपीची तक्रार. ती घटनेपासून ९० दिवसांत करायची, उशीर झाला तर पुरेसं कारण दाखवावं लागतं. यात तक्रार चालू असताना अंतरिम आदेशही मागता येतो. दुसरा, सिव्हिल लाइन्समधल्या कामगार आयुक्तांच्या कार्यालयात समेटासाठी अर्ज. त्याला दोन वर्षांची मुदत आहे, आणि समेट फसला तर अहवाल मिळाल्यापासून ९० दिवसांत औद्योगिक न्यायाधिकरणाकडे जाता येतं. दोन्हीकडे एकदम पाय ठेवता येत नाही. एकीकडे प्रकरण सुरू झालं की दुसरं दार बंद होतं, म्हणून अर्जावर सही करण्याआधी ठरवा. तुम्ही कंपनीच्या पटावर आहात आणि चौघांवर एकाच आठवड्यात हे घडलं, म्हणून तुमच्या बाबतीत मी यूएलपी करेन. ठेकेदाराकडून लागलेल्या माणसाला मात्र मी दुसऱ्या रस्त्याने पाठवते, कारण कंपनीने ‘हा आमचा कामगारच नाही’ म्हटलं की यूएलपीची तक्रार तिथेच अडते. हे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्येच ठरवून टाकलं आहे.

प्रश्न : इतवारीत माझं कापडाचं होलसेलचं दुकान आहे. १४ माणसं आहेत. बिलिंगवर बसणारा मुलगा ६ वर्षांपासून आहे, घरातल्यासारखा. दोन महिन्यांपासून गल्ल्यात तूट येते आणि परवा सीसीटीव्हीत तो ५०० ची नोट खिशात घालताना दिसला. त्याला आजच्या आज काढू शकतो का? पगारातून तूट वळती करू का? बाजारातले लोक म्हणतात, चोराला कसली चौकशी.

उत्तर : तुमचा राग समजतो. घरातला समजून गल्ला ज्याच्या हाती दिला त्याने असं करावं, याचा त्रास पैशापेक्षा मोठा असतो. तरीही आजच्या आज काढू नका. फुटेज बघून तुमची खात्री झाली आहे, पण त्याचं म्हणणं अजून कुणीच ऐकलेलं नाही. त्या नोटेच्या बदल्यात त्याने स्वतःच्या खिशातून कुणाला सुटे दिले असतील, तर कॅमेऱ्यात फक्त नोट खिशात जाताना दिसेल. दिले नसतील तर तेही चौकशीतच पक्कं होईल, आणि मग तुमचा आदेश टिकेल.

आज इतकंच करा. फुटेजची प्रत पेनड्राइव्हवर काढून घ्या, कारण डीव्हीआर काही दिवसांनी जुनं पुसून नवं भरतो. त्या दिवसाची बिलं आणि कॅशबुक बाजूला काढा. मुलाला गल्ल्यावरून उठवून दुसऱ्या कामावर बसवा. सस्पेंड करायचं असेल तर नियुक्तिपत्रात तसा अधिकार लिहिला आहे का ते बघा. लिहिलेला नसेल तर घरी बसवलेल्या काळाचा पूर्ण पगार द्यावा लागतो. मोठ्या आस्थापनांत, जिथे स्थायी आदेश, म्हणजे नोकरीच्या अटींची लेखी नियमावली, लागू असतात तिथे, पहिले ९० दिवस निम्मा आणि पुढे ७५ टक्के निर्वाह भत्ता असतो. तुमचं दुकान त्यात बसत नाही.

मग आरोपपत्र. इथेच बहुतेक मालक चुकतात. ‘तुम्ही वेळोवेळी दुकानातील रकमेची अफरातफर केली’ असं लिहिलं तर तो उत्तर तरी कशाचं देणार? असं लिहा: अमुक तारखेला दुपारी ४ वाजून २० मिनिटांनी, अमुक क्रमांकाच्या बिलापोटी गिऱ्हाइकाने दिलेली ५०० रुपयांची नोट तुम्ही गल्ल्यात न ठेवता स्वतःच्या खिशात ठेवली आणि त्या दिवशीच्या कॅशबुकात इतकी तूट आली. दोन महिन्यांच्या तुटीबद्दल तुमच्याकडे फक्त संशय असेल तर तो आरोपात घालू नका. सिद्ध न होणारा एक आरोप बाकीच्या खऱ्या आरोपांनाही कमकुवत करतो. उत्तराला आठवडाभर द्या. फुटेजची आणि बिलाची प्रत आरोपपत्रासोबतच द्या.

उत्तर समाधानकारक नसेल तर चौकशी. चौकशी अधिकारी तुम्ही स्वतः होऊ नका, कारण तक्रारदार तुम्हीच आणि साक्षीदारही तुम्हीच. ज्याचा या प्रकरणाशी आणि तुमच्या घराशी संबंध नाही असा माणूस नेमा, एखादा वकील किंवा निवृत्त अधिकारी चालेल. मुलाला आपल्या बाजूने एखादा सहकारी आणू द्या. तुमचे साक्षीदार त्याच्यासमोर बोलतील आणि त्याला त्यांची उलटतपासणी घेऊ द्यायची. त्याचे साक्षीदार असतील तर त्यांनाही बोलवायचं. रोजच्या कामकाजाचा रोजनामा लिहायचा, तो मराठीत वाचून दाखवायचा आणि प्रत्येक पानावर सगळ्यांच्या सह्या घ्यायच्या. त्याने सही नाकारली तर ‘सही करण्यास नकार दिला’ असं लिहून दोघांच्या साक्षीच्या सह्या घ्यायच्या. रोजनाम्याची प्रत त्याच दिवशी त्याच्या हातात द्यायची.

उलटतपासणी म्हणजे वेळकाढूपणा, असं मला पुष्कळ मालक सांगतात. त्यांना मी कळमेश्वरकडच्या एका स्टोअरकीपरचं प्रकरण सांगते. तांब्याच्या तारेचं बंडल पिशवीतून नेलं, असा त्याच्यावर आरोप होता. रात्री ८ वाजता हा पिशवी घेऊन गेटबाहेर पडताना मी स्वतः पाहिलं, असं सुरक्षारक्षकाने चौकशीत सांगितलं. स्टोअरकीपरच्या बाजूने उभा होता दहावी शिकलेला एक फिटर. त्याने वादावादी केली नाही, फक्त गेटचं रजिस्टर मागवलं आणि रक्षकाला त्या तारखेची त्याचीच सही दाखवून विचारलं, ‘ही तुमचीच का?’ सही त्याचीच होती, पाळी संपवून जाण्याच्या रकान्यात, आणि वेळ होती संध्याकाळचे ६. कंपनीने आरोप मागे घेतला. त्या फिटरला तो प्रश्न विचारू दिला नसता तर एका संसारी माणसाच्या नावावर कायमची चोरी लागली असती. आज मी मालकांना चौकशी शिकवते तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर तो फिटर असतो.

अहवाल आला की त्याची प्रत मुलाला द्या आणि त्यावर त्याचं म्हणणं मागवा. अहवालाची प्रत दिल्याशिवाय शिक्षा करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये ईसीआयएल या सरकारी कंपनीच्या खटल्यात स्पष्ट केलं आहे. त्यानंतर शिक्षा ठरवा, आणि ठरवताना मागची सहा वर्षं डोळ्यांसमोर ठेवा. शिक्षा आरोपाच्या मानाने फार जड वाटली तर न्यायालय ती कमी करू शकतं. पण मालकाचंच चुकलं असं न्यायालय नेहमी म्हणतं, हाही गैरसमज आहे. पुण्याच्या भारत फोर्जमध्ये कामाच्या वेळी झोपलेल्या कामगाराला आधीच्या शिक्षा लक्षात घेऊन, चौकशी करून बडतर्फ केलं होतं. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बडतर्फी कायम ठेवली. चोरी सिद्ध झाली तर रक्कम लहान असूनही बडतर्फी टिकते, कारण प्रश्न विश्वासाचा असतो.

पगारातून तूट वळती करायचा विचार सोडा. नुकसानीपोटी पगारातून कपात करायची तरी त्याला आधी कारणे दाखवा नोटीस देऊन ऐकावं लागतं, आणि सगळ्या कपाती मिळून पगाराच्या निम्म्यावर जाता येत नाही. व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्याचा फोटो टाकून ‘याला ठेवू नका’ असं तर अजिबात लिहू नका, अब्रुनुकसानीचा दावा तुमच्यावर उलटेल. पोलिसात तक्रार द्यायची तर द्या, तो मार्ग वेगळा आहे आणि चौकशीसाठी तो थांबवावा लागत नाही.

काढल्यावर, तोपर्यंत केलेल्या कामाचा पगार दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचा. पीएफला हात लावता येत नाही. ग्रॅच्युइटीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण उद्या विचाराल. नैतिक अधःपतनाच्या कृत्यासाठी काढलं तर ती जप्त करता येते. त्यासाठी फौजदारी न्यायालयात आधी शिक्षा व्हायलाच हवी असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये आपल्या नागपूरच्या वेस्टर्न कोलफील्ड्सच्या प्रकरणात सांगितलं. त्याच निकालात तिकिटाचे पैसे पूर्ण जमा न करणाऱ्या एसटी वाहकांची प्रकरणंही होती, आणि त्यांची सगळी ग्रॅच्युइटी न बुडवता जप्ती २५ टक्क्यांवर आणली. तेव्हा जप्तीची वेगळी नोटीस द्या आणि त्याचं ऐकून मगच किती ते ठरवा.

प्रश्न : मिहानमधल्या एका आयटी कंपनीत मी ‘टीम लीड’ आहे, पगार ६२,००० रुपये. गेल्या आठवड्यात मीटिंग रूममध्ये बोलावून दोन तास बसवून ठेवलं आणि ‘राजीनामा दे, नाहीतर टर्मिनेट करू, पुढे कुठेच नोकरी मिळणार नाही’ असं सांगितलं. घाबरून मी पोर्टलवर राजीनामा टाकला. कामगार कायदा मला लागू होतो का?

उत्तर : ताई, राजीनामा कधी प्रभावी होणार ते आधी बघा. नोटीस पीरियड अजून चालू असेल तर राजीनामा मागे घेता येतो. आजच्या आज स्वतःच्या खाजगी ईमेलवरून, एचआर आणि तुमच्या वरिष्ठांना, लिहा: अमुक दिवशी, अमुक खोलीत, अमुक दोघांच्या उपस्थितीत दबावाखाली राजीनामा घेतला, तो माझ्या इच्छेने नाही आणि मी तो मागे घेते. खोलीत कोण होतं, दार बंद होतं का, फोन काढून घेतला होता का, सगळं लिहा. कंपनीच्या लॅपटॉपवरचा ईमेल उद्या बंद होईल, म्हणून पगारपत्रकं आणि मूल्यमापनाचे तुमचे स्वतःचे कागद आधी काढून घ्या. ग्राहकाचा किंवा कंपनीचा गोपनीय डेटा मात्र घेऊ नका, त्यांना तेच निमित्त मिळेल.

कायदा पदाचं नाव बघत नाही, रोजचं मुख्य काम बघतो. तुम्ही बहुतेक वेळ स्वतः कोडिंग किंवा टेस्टिंग करत असाल तर ते तांत्रिक काम, आणि त्याला पगाराची मर्यादा नाही. ६२,००० असले तरी तुम्ही कामगारच. देखरेखीचं काम मुख्य असेल तर संहितेत मर्यादा १८,००० ची आहे, तिथे तुम्ही बाहेर पडता. रजा मंजूर करणं, वेतनवाढ ठरवणं, माणसं नेमणं हे अधिकार खरोखर तुमच्याकडे असतील तर तुम्ही व्यवस्थापनात जाता. मला भेटणाऱ्या टीम लीडपैकी पुष्कळांकडे यातला एकही अधिकार नसतो. रजेची शिफारस करणं आणि ती मंजूर करणं यातला फरक साक्षीत फार कामाला येतो.

कामगार ठरलात तर ‘एक महिन्याची नोटीस देऊन केव्हाही काढू’ हे नियुक्तिपत्रातलं कलम कायद्याच्या वर जात नाही, आणि वर हिंगण्याच्या भाऊंना सांगितलेले रस्ते तुम्हालाही मोकळे आहेत. कामगार नसाल तर दिवाणी न्यायालयात करारातल्या नोटिशीचा पगार आणि नुकसानभरपाई मागता येते, पण परत नोकरीवर घ्या असा आदेश सहसा मिळत नाही. हे आधी सांगते, म्हणजे चुकीच्या आशेवर दोन वर्षं जाणार नाहीत. ‘फुल अँड फायनल’च्या फॉर्मवर सही करावीच लागली तर सहीजवळ ‘माझे हक्क राखून’ असं लिहा.

प्रश्न : काटोल तालुक्यातल्या खाजगी अनुदानित शाळेत मी ७ वर्षांपासून कायम सहशिक्षिका आहे. संस्थेत दोन गट पडले आहेत. नव्या अध्यक्षांनी एका ओळीचं पत्र दिलं, ‘आपली सेवा संस्थेस आवश्यक नाही.’ मी कामगार न्यायालयात जाऊ का?

उत्तर : नको, बाई. शिक्षक ‘कामगार’ या व्याख्येत येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच ठरवलं. तुमच्यासाठी १९७७ चा खाजगी शाळा कर्मचाऱ्यांचा कायदा आहे आणि अपील नागपूरच्या शाळा न्यायाधिकरणात करायचं. मुदत पत्र मिळाल्यापासून फक्त ३० दिवस. तुमच्या पत्रावर तारीख नाही, म्हणून ते कधी हातात पडलं ते आजच तपासा आणि हा अंक वाचून होताच निघा.

कायम शिक्षकाला काढायचं तर तिघांची चौकशी समिती लागते: एक संस्थेचा, एक तुम्ही नेमलेला आणि एक पुरस्कारप्राप्त शिक्षकांच्या यादीतला. तुमच्या बाबतीत यातलं काहीच झालेलं दिसत नाही. अपिलात एक गोष्ट शपथेवर लिहायला विसरू नका: काढल्यापासून मी दुसरीकडे कुठेही पगारी नोकरी करत नाही. मराठवाड्यातल्या एका शिक्षिकेच्या, दीपाली सुरवसे यांच्या प्रकरणात २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की बेकायदा काढलेल्याला साधारणपणे पूर्ण मागील पगारासह परत घ्यायला हवं. पण कमाई नव्हती हे आधी कर्मचाऱ्याने म्हणायला हवं, मग ते खोटं ठरवणं मालकाकडे जातं. दोन शिकवण्या घेत असाल तर त्याही लपवू नका.

प्रश्न : मला कावीळ झाली, मग गावी पेरणी. २६ दिवस रजेविना राहिलो. परत आलो तर कंपनी म्हणते, सलग १० दिवसांवर गैरहजर राहिलं की नाव पटावरून आपोआप कमी होतं.

उत्तर : आपोआप काही होत नाही. असं कलम असलं तरी चौकशी न करता नाव कमी करणं न्यायाला धरून नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये डी. के. यादव यांच्या खटल्यात म्हटलं आणि कामगाराला परत घ्यायला लावलं. मागचा पगार मात्र निम्माच दिला. काविळीचे रक्ताचे रिपोर्ट आणि डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोडून आजच लेखी द्या. पेरणीचे दिवस आजारपणात घालू नका, वेगळे सांगा. तारखा जुळल्या नाहीत तर खरा आजारही खोटा वाटतो. गैरहजेरी हे गैरवर्तन आहेच, ताकीद किंवा किरकोळ शिक्षा होऊ शकते.

प्रश्न : मी एका खाजगी रुग्णालयात नर्स आहे, दोन वर्षं झाली. सहावा महिना आहे. मॅनेजर म्हणतात, सुटीवर गेलीस की परत यायची गरज नाही.

उत्तर : प्रसूतीच्या रजेवर असताना काढणं बेकायदा आहे, आणि तुमच्या नोकरीच्या अटी तुमच्या नुकसानीच्या होतील अशा बदलणंही. बाळंतपणाआधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम झालं असलं की हक्क मिळतो, पहिल्या दोन मुलांसाठी रजा २६ आठवड्यांची. रजेचा अर्ज लेखी द्या, त्यात जायची तारीख आणि परत रुजू व्हायची तारीख दोन्ही टाका, आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्या. काढलंच तर ६० दिवसांत अपील आहे. मॅनेजर जे तोंडी बोलले ते त्याच दिवशी घरी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून ठेवा, तारखेसकट राहील.

प्रश्न : वकिलाची फी द्यायला पैसे नाहीत. पगारच बंद आहे.

उत्तर : औद्योगिक कामगाराला आणि कोणत्याही स्त्रीला उत्पन्न किती आहे हे न बघता मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या विधी सेवा कायद्याने दिला आहे. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जा आणि अर्ज भरा. सोबत आधार, नियुक्तिपत्र किंवा पगारपत्रक, पीएफचं पासबुक आणि पाठवलेल्या पत्राची स्पीड पोस्टाची पावती न्या. नियुक्तिपत्र कधी मिळालंच नसेल तर पगार जमा झालेलं बँक स्टेटमेंट पुरतं. काढल्याची तारीख अर्जाच्या पहिल्या ओळीत लिहा, म्हणजे ९० दिवसांपैकी किती उरले ते तिथल्या वकिलाला लगेच दिसेल.